आईच्या जागी गुलाब

आमच्या तालुक्याच्या गावात छंद म्हणून कॅमेरा घेतलेल्या मुस्लिम पुरुषांचा चांगला मोठा गट आहे, आणि त्यांच्या कॅमेऱ्यांना स्वतःच्याच घरात यायला बंदी आहे. बंदी कोणी घातली असे विचारले तर कोणी मौलानांचे नाव घेतो, कोणी अब्बांचे, कोणी ‘माहौल’चे. मला भांडायचे आहे ते या बंदीशी, आणि त्याहून जास्त ती इतक्या खुशीने पाळणाऱ्यांशी.

माणसे भली आहेत. एकाचे मेडिकलचे दुकान आहे, दोघे इंजिनियर, एक माझ्याच शाळेतले सहकारी. रविवारी फजरची नमाज झाली की मोटरसायकली काढून तलावाकडे जातात आणि दहाच्या सुमारास परततात. मग दिवसभर व्हॉट्सॲपवर फोटो येत राहतात. चतुराच्या पंखावरची जाळी, कोळ्याचे आठ डोळे, मुंगीच्या तोंडातला साखरेचा कण, गुलाबाच्या पाकळीवरचा दवाचा थेंब आणि त्या थेंबात उलटी दिसणारी बाग. फोटो खरोखर सुंदर असतात. खाली ‘सुभानअल्लाह’ आणि ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. मीही लिहिते.

त्यांतल्या एकाला मी विचारले, भाई, तुमच्या हार्ड डिस्कमध्ये एकूण फोटो किती असतील? म्हणाला, चाळीस हजारांच्या वर. अम्मींचे किती? थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “अम्मीका एक है ना आपा, आधारवाला.”

मॅक्रोशी माझे काही वैर नाही, हे आधीच सांगते. माझ्याकडे एक सेकंडहँड डीएसएलआर आहे, सोबत आलेली किट लेन्स आणि नंतर पैसे साठवून घेतलेली पन्नास एमएमची. मॅक्रो लेन्सची किंमत शिक्षकाच्या पगाराला झेपणारी नाही, म्हणून मी पन्नासची लेन्स उलटी बसवायची रिंग घेतली. लेन्स उलटी लावली की ती भिंगासारखी काम करते. इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये येणारी पट्टी एक मिलिमीटरचीही उरत नाही. तुम्ही श्वास सोडला तरी कोळ्याचे डोळे धूसर होतात. वारा आला तर थांबायचे. पहाटे किडे गारठलेले असतात, ऊन चढेपर्यंत हलत नाहीत, म्हणून पहाटे उठायचे. आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना त्या हुबेहूब पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या. तो बदल टिपायला मी दोन आठवडे रोज सकाळी शाळेआधी त्या झाडापाशी बसले आहे. या छंदाने माणसाला वाकायला, थांबायला आणि जवळ जायला शिकवले जाते, म्हणून तर माझी तक्रार जास्त आहे. जो माणूस एका कोळ्यासाठी गुडघे चिखलात टेकून पाऊण तास बसतो, तो अम्मीला खिडकीजवळ बसवून पंधरा मिनिटे का देत नाही?

कारण सरळ आहे. फुलाबद्दल मोहल्ल्यात कोणी विचारत नाही. फूल कोणाची बहू नसते. फुलाचा फोटो स्टेटसला ठेवला म्हणून जमातचा कोणी घरी येऊन ‘बेटा, समझाने आया हूँ’ म्हणत नाही. वर स्पर्धेत बक्षीसही मिळते.

आणि या बिनधोक फुलाचे पुढे काय होते ते पाहा. मोहल्ल्यात एखादी बाई वारली की व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो: अमुक साहेबांच्या अहलिया, तमुक साहेबांच्या वालिदा यांचा इंतकाल झाला, तदफीन असरनंतर. नाव बहुतेक वेळा नसतेच. फोटोच्या जागी असतो गुलाब. पुरुष वारला तर त्याचा टोपी घातलेला फोटो असतो, बाई वारली तर गुलाब. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांचे आरक्षण २०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्यावर नेले, तेव्हापासून आमच्याकडच्या निवडणुकीच्या फ्लेक्सवरही हाच गुलाब मी पाहिला आहे. उमेदवार बाई, हात जोडलेला मोठा फोटो नवऱ्याचा, दीराचा त्याहून थोडा लहान, आणि उमेदवाराच्या नावावर गोल चौकटीत एक टवटवीत लाल फूल. कोणी तरी छंदाने, फार मेहनतीने काढलेले असणार ते. पाकळीवर दवही होते.

मी नववीला मराठी शिकवते. ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहायला दिला आणि म्हटले, जमले तर आजीचा एक फोटो चिकटवून आणा. अर्ध्याहून जास्त मुलींनी आधार कार्डाची झेरॉक्स आणली. आधार कार्डावरचा फोटो किती असतो आणि गल्लीतल्या मशीनवर त्याची झेरॉक्स काढली की काय उरते, हे तुम्हाला माहीत आहे: एक काळा डाग आणि त्याभोवती पांढरी ओढणी. एका मुलीने चाचाच्या लग्नातल्या फोटोतून कापून आणलेली दादी होती. दूल्ह्याच्या खांद्याआडून अर्धाच चेहरा. निबंध मात्र सगळ्यांचे भरलेले होते. दादी अंबाडीची भाजी कशी करते, तिच्या हाताला मेहंदीचा वास कसा येतो, ती रागावली की कोणत्या शिव्या देते. म्हणजे नातींनी आजी पाहिलेली आहे. फोटो काढायचे साधन ज्यांच्या हातात आहे त्यांनी पाहिलेली नाही.

आता हिशेब करा. मतदारांसाठी फोटोचे ओळखपत्र १९९३ पासून आले. रेशनकार्डावर कुटुंबाचा फोटो आला. आधारची सुरुवात २०१० मध्ये झाली, तीही आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून. हजला जायचे तर पासपोर्ट, पासपोर्टला फोटो. या प्रत्येक वेळी आमच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, परक्या पुरुषासमोर स्टुलावर बसल्या. त्याने सांगितले, नकाब वर करा, कपाळ दिसू द्या, चष्मा काढा, हसू नका. आणि भिंतीवरच्या वेबकॅमने चेहरा घेतला. तेव्हा कोणाची गैरत जागी झाली नाही, कारण मजबुरी होती, आणि मजबुरीला सवलत आहे. मान्य. पण परिणाम असा झाला की आमच्या आईचा चेहरा सरकारकडे आहे आणि आमच्याकडे नाही. तिला जगात ज्या एकमेव माणसाने कॅमेऱ्यातून निरखून पाहिले तो आधार केंद्रावरचा ऑपरेटर होता.

‘पण दीनमध्ये तसवीर हराम आहे.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याचे उत्तर आता सविस्तर देणे भाग आहे.

मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण उर्दू वाचता येते, आणि या मसल्यावर उलेमांमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे हे कोणालाही वाचून कळू शकते. तसवीर करणाऱ्यांना अजाब होईल, अशा आशयाच्या हदीस आहेत, त्या कोणी नाकारत नाही. वाद आहे तो कॅमेऱ्याने निघालेले चित्र त्या ‘तसवीर’मध्ये धरायचे की नाही याचा. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फोटो जायज असल्याचा रिसाला लिहिला. त्यांचे म्हणणे असे की फोटोग्राफर काही निर्माण करत नाही, अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची सावली तेवढी थांबवून ठेवतो, जशी ती आरशात पडते. याच्या उलट, २०१३ मध्ये एका इंजिनियर तरुणाने फोटोग्राफी हा पेशा करू का असे विचारले, तेव्हा दारुल उलूम देवबंदने ते नाजायज असल्याचे सांगितले. ओळखपत्र आणि पासपोर्टपुरती सूट ठेवली. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत. ज्याला जे पटेल ते त्याने मानावे.

आमच्या गल्लीत एक हाफिजसाहेब आहेत. पासपोर्टखेरीज त्यांनी आयुष्यात फोटो काढून घेतला नाही. मुलाच्या निकाहातही कॅमेरा येऊ दिला नाही. फोन साधा, बटणांचा. स्वतःला एक नियम आणि बायकोला दुसरा, असे त्यांनी केले नाही. त्यांचे मत मला पटत नाही, पण त्यांच्याशी माझे भांडण नाही. मी त्यांना अदबीने सलाम करते.

माझे भांडण आहे ते ज्यांचा स्वतःचा चेहरा प्रत्येक ईदला चौकातल्या दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर असतो त्यांच्याशी. रोज स्टेटसला जिमचा, गाडीचा, बिर्याणीच्या देगेशेजारचा फोटो टाकायचा, आणि अम्मीची गोष्ट निघाली की एकदम हदीस आठवायची. आणि मॅक्रोवाल्यांनो, तुमच्यासाठी तर वेगळाच सवाल आहे. ज्या हदीसचा दाखला तुम्ही देता तिच्यावरून उलेमांनी झाडे, डोंगर, बेजान वस्तू यांना मोकळीक दिली. मनाई जानदाराची आहे. मग कोळी, मुंगी, चतुर, फुलपाखरू हे काय बेजान आहेत? कोळ्याच्या आठ डोळ्यांना सूट आणि अम्मीच्या दोन डोळ्यांना बंदी, हा कोणत्या मसलकचा फतवा आहे ते मला एकदा दाखवा.

याच मंडळींकडून दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो की कॅमेरा मुसलमानांनी शोधला आणि ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’पासून आला. इब्न अल-हैसम हे अकराव्या शतकातले थोर शास्त्रज्ञ होते, प्रकाश आणि दृष्टी यांवरचा त्यांचा ‘किताब अल-मनाझिर’ युरोपने शतकानुशतके अभ्यासला, बारीक छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेवर त्यांनी लिहिले. हे खरे आहे आणि पुरेसे आहे, त्याला शेपटी जोडायची गरज नाही. ‘कॅमेरा’ शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. आपला ‘कमरा’ही त्याच घरातला, पोर्तुगिजांबरोबर हिंदुस्थानात आलेला. म्हणजे शब्दांपुरते बोलायचे तर कॅमेरा आणि कमरा सख्खे भाऊ आहेत. आपण मात्र एकाला दुसऱ्यात येऊ देत नाही. आणि मराठी माणूस भिंतीवरच्या चौकटीतल्या चित्राला ‘तसबीर’ म्हणतो, तो आपलाच अरबी ‘तसवीर’. शब्द त्यांनी घेतला आणि भिंतीवर लावला. आमच्याकडे शब्दही राहिला नाही आणि भिंतही रिकामी. (भिंतीवर लावू नका हवे तर. नमाजच्या खोलीत तसवीर नको हे मला समजते. अल्बम कपाटात राहतो.)

‘पूर्वी असे नव्हते’ असेही सांगितले जाते. पूर्वी कसे होते ते बघू. उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे, जे खलिफा होते, त्यांनी आपल्या सल्तनतीच्या फोटोंचे ५१ अल्बम १८९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट पाठवले. त्यांत मशिदी, कारखाने, इस्पितळे आहेत, आणि शाळेत शिकणाऱ्या मुलींचेही फोटो आहेत, कॅमेऱ्याकडे बघत असलेल्या. खलिफांना त्या मुली जगाला दाखवायच्या होत्या. इतके लांब जायचे नसेल तर हैदराबादला या. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हा आमच्या घरचाच इतिहास आहे. सहाव्या निजामांचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला. फक्त बायकांसाठी, आत फोटो काढणारीही बाईच, एक इंग्रज बाई. पर्द्यातल्या बायका तिथे जाऊन फोटो काढून घेत. निजामांनी दीनदयाळांना किताब दिला ‘मुसव्विर जंग’. मुसव्विर, म्हणजे तसवीर करणारा. सव्वाशे वर्षांपूर्वी पर्दा आणि फोटो यांचा मेळ एका साध्या उपायाने घातला गेला होता: कॅमेरा बाईच्या हातात द्या. आज प्रत्येक घरात एका तरी मुलीच्या हातात फोन आहे, तरी म्हणे मेळ बसत नाही.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला मुस्लिम बायकांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स निघाली. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी, ज्या बोलत होत्या त्या. पोरे पकडली गेली, पण ती बातमी आमच्या घराघरांत जी भीती सोडून गेली ती गेलेली नाही. मुलीने कॉलेजच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला तर आईच्या पोटात गोळा येतो, आणि ते बरोबर आहे. जी बाई या भीतीने फोटो नको म्हणते तिला मी मागासलेली म्हणणार नाही.

पण या भीतीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. फोटो काढणे आणि फोटो टाकणे या दोन गोष्टी आहेत. फोनने त्या एक करून टाकल्या म्हणून आपणही एक समजू लागलो. माझ्या अम्मीचे जे फोटो मी काढले ते इंटरनेटने पाहिलेले नाहीत. कॅमेऱ्यात वायफाय नाही. कार्ड काढून दुकानात नेते, समोर उभी राहून प्रिंट घेते, दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरून फाइल पुसून घेते आणि निघते. फोनवर काढायचा असेल तर आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय आधी बंद करा. चार बाय सहाच्या प्रिंटला चहा-भजीइतके पैसे पडतात. आणि ज्यांनी त्या बायकांचा लिलाव मांडला त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा माझ्या अम्मीने चेहरा पुसून का भोगायची?

राहिला शेवटचा आणि सगळ्यात नाजूक मुद्दा: ‘अम्मीलाच आवडत नाही.’ असू शकते. ज्या बाईला फोटो नको तिचा फोटो काढायचा नाही; आई असली तरी नाही, लपून तर मुळीच नाही. फक्त विचारताना एक करा. मुलाने, नवऱ्याने किंवा सासऱ्याने विचारू नये, आणि ते खोलीत असताना कोणीही विचारू नये. मी गेल्या बकरीदच्या तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांना दुपारी घरी बोलावले. माझे मिस्टर आणि मुलगा बाहेर गेले होते. मी विचारले, कोणाला फोटो हवा? पहिली दहा मिनिटे ‘नक्को नक्को, मैं कैसी दिखतीं’ चालले. मग एक खाला उठून म्हणाल्या, मेरा निकाल, पर मशीनके साथ. त्या चाळीस वर्षे शिवणकाम करतात. मशीन त्यांच्या घरून दोन पोरींनी उचलून आणले. त्यानंतर मला चहा प्यायला वेळ मिळाला नाही. एकीला तिच्या बीएच्या पदवीसोबत हवा होता, जी लग्नानंतर ट्रंकेत होती. दोन जावा ज्या वर्षभर बोलत नव्हत्या त्या शेजारी बसल्या, बोलल्या मात्र नाहीत. दोघींनी शेवटपर्यंत नाही म्हटले, त्यांनी इतरांच्या ओढण्या सरळ करून दिल्या. नंतर कोणी तरी माझ्याबद्दल संस्थेकडे तक्रार केली, की मॅडम मोहल्ल्यातल्या औरतांना बिघडवतात. तक्रारीला सही नव्हती.

आता थोडे कामाचे, कारण नुसते भांडून उपयोग नाही आणि या गोष्टी कोणी आपल्या भाषेत सांगत नाही.

फ्लॅश बंद करा. मोहल्ल्यातली घरे अंधारी असतात, पण प्रत्येक घराला एक दार असते. दाराच्या आत दोन हातांवर, उन्हाच्या पट्ट्याबाहेर खुर्ची ठेवा आणि चेहरा किंचित दाराकडे वळवा. मॅक्रोला तुम्ही पांढरा कागद धरून उजेड मऊ करता ना, तेच काम इथे समोरची चुना दिलेली भिंत करते. नसेल तर पांढरी चादर धरा.

कॅमेऱ्याचे मीटर गृहीत धरते की समोरचे जग सरासरी करड्या रंगाचे आहे. काळा बुरखा चौकटभर आला की त्याला वाटते अंधार आहे. ते उजेड वाढवते, बुरखा राखाडी होतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. पांढरी नमाजची ओढणी असली की उलटे: ओढणी मळकट, चेहरा काळवंडलेला. आमच्या बायका ‘मी फोटोत वाईट दिसते’ म्हणतात त्यात त्यांच्या चेहऱ्याचा दोष काडीचा नसतो, हा एवढाच मामला असतो. बुरख्याला एक्स्पोजर एक पायरी खाली आणा, पांढऱ्या ओढणीला एक पायरी वर न्या. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवा, शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते वरखाली करा.

फोन घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नका. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, जवळून नाक मोठे आणि कान गायब होतात. किड्याचा नियम माणसाला लावायचा नाही. चार-पाच पावले मागे या आणि दोनपट झूम करा. आणि तो ब्युटी मोड बंद करा, अल्लाहच्या वास्ते. तो न विचारता रंग गोरा करतो आणि सुरकुत्या पुसतो. अम्मीच्या कपाळावरची आडवी रेघ अब्बांच्या आजारपणात आली, ती फोनच्या कंपनीने का पुसावी?

काही जण म्हणतील, चेहरा नको तर हात काढू. सुरकुतलेला हात, त्यात तसबीह, काळापांढरा, मागे अंधार. या फोटोला बक्षीस नक्की मिळते, मी परीक्षकांना ओळखते. आईने स्वतः तसे सांगितले असेल तर काढा. नाही तर तो पुन्हा गुलाबच झाला, फक्त जरा जुना.

आणि बाहेरून येणारे? त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशीचे कोणतेही वर्तमानपत्र काढा: सजद्यातल्या पाठींच्या रांगा, गळाभेट घेणारी टोपीतली दोन गोड मुले, आणि बांगड्यांच्या दुकानासमोर बुरख्यातल्या बायका पाठमोऱ्या. नाव कोणाचेच नसते. आम्ही वर्षानुवर्षे तक्रार करतो की हे लोक आम्हाला असेच दाखवतात. तक्रार खरी आहे. पण पाठीऐवजी चेहरा दाखवणारा दुसरा फोटो आमच्या कपाटात तरी आहे का, हे त्यांनी विचारले तर मी काय सांगू?

एक काम शिल्लक राहते, आणि उर्दू-मराठी शिकवणारी म्हणून ते मला महत्त्वाचे वाटते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी जुना स्टुडिओतला फोटो आहे, मागे रंगवलेला पडदा, खुर्चीवर एक बाई, मांडीवर मूल. पाठीमागे सुंदर नस्तालीकमध्ये दोन ओळी लिहिल्या आहेत. घरातली मुले मराठी शाळेत शिकली, कोणालाच वाचता येत नव्हत्या. ‘कोणीतरी परदादी’ एवढेच माहीत होते. मी वाचून दाखवले: बाईचे नाव, गाव, निकाहाचे साल, आणि मांडीवरचे मूल चौथे असल्याचे. घरात तीनच माहीत होते. म्हणून प्रिंटच्या मागे नाव दोन्ही लिपींत लिहा. ‘अम्मी’, ‘फुफी’, ‘बडी खाला’ असे लिहू नका, पन्नास वर्षांनी त्या कोणाच्या फुफी होत्या हे कोणाला कळणार नाही. पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि साल. नाव माहीत नसेल तर विचारून घ्या, बऱ्याच जणांना विचारावेच लागेल. आणि मऊ पेन्सिलने लिहा, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.